संप म्हणजे एकोपा : चरीच्या कुळांचा लढा आणि सीमेवरची आमची मराठी

बालाघाटच्या भाषेविषयी लिहिताना अलिबागचा समुद्र कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या जिल्ह्यातून समुद्र कित्येक कोस दूर. इथे वैनगंगा आहे, बाघ आहे, बावनथडी आहे. भरती-ओहोटी मात्र आम्ही भूगोलाच्या पुस्तकातच वाचली. तरीही सीमाभागातील मराठीचा प्रश्न कसा मांडावा, याचा विचार करताना आम्हाला वारंवार एका समुद्रकाठच्या तालुक्याकडे आणि तिथल्या एका स्थानिक पुढाऱ्याकडे वळावे लागले. त्या पुढाऱ्याचे नाव नारायण नागू पाटील, तालुका अलिबाग, त्या वेळचा जिल्हा कुलाबा, आजचा रायगड. त्यांनी भाषेची चळवळ केली नाही, त्यांनी कुळांची चळवळ केली. पण ती करताना काही शब्दांचे अर्थ बदलले, काही शब्द बोलीतून कायद्यात गेले आणि काही शब्द कायमचे हद्दपार झाले. म्हणूनच तो इतिहास भाषेच्या अभ्यासकांनीही वाचला पाहिजे, असे आमचे मत आहे.

खारेपाट आणि तिथला खोत

अलिबाग हे कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे ठाणे. आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले आणि पुढे १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा होऊन अलिबाग त्याचे मुख्य ठिकाण बनले. गावासमोर भरतीच्या वेळी पाण्याने वेढला जाणारा किल्ला, मागे नारळी-सुपारीच्या वाड्या, आणि आत खाड्यांच्या कडेने पसरलेला सपाट मुलूख. या मुलखाला खारेपाट म्हणतात. इथली भातशेती ही समुद्राशी केलेली रोजची वाटाघाट आहे. खाडीच्या बाजूला मातीचे बांध घालायचे, बांधातल्या उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही. बांधाला खांड पडली आणि ती वेळीच बुजली नाही, तर जमीन खारी होते आणि ती पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे जातात. ही शेती एकट्याने होत नाही. शेजाऱ्याचा बांध फुटला तर आपलेही शेत बुडते, हे तिथल्या प्रत्येक कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

हे बांध घालणारे, मिठागरे पिकवणारे आणि भात लावणारे लोक मुख्यतः आगरी. आगर म्हणजे मीठ पिकवण्याची जागा, आणि त्यावरून समाजाचे नाव. जमीन मात्र बहुतांशी त्यांची नव्हती. ती खोताची होती. खोत हा सरकार आणि कसणारा यांच्यामधला माणूस. गावाचा सारा त्याने सरकारात भरायचा आणि कुळांकडून आपल्या हिशेबाने वसूल करायचा. कोकणातील खोती मुळात वसुलीचा मक्ता होती. कालांतराने ती वंशपरंपरेची झाली आणि खोत मालकासारखा वागू लागला. इंग्रज सरकारने १८८० मध्ये खोतीसंबंधीचा कायदा करून या व्यवस्थेला चौकट दिली. पण चौकटीच्या आत कुळाच्या हाती फारसे काही उरले नाही. पिकाचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा खोताच्या कणगीत जाई, त्यावर मागील बाकीचे व्याज चढे, आणि शिवाय वेठ असेच.

हे शब्द जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. ‘वेठ’ हा संस्कृतातील ‘विष्टि’पासून आलेला. म्हणजे मोबदल्याविना राबवून घेण्याची प्रथा इतकी जुनी आहे की तिचे नाव प्राकृतातून झिजून आपल्यापर्यंत पोहोचले. ‘खोत’ या शब्दाचा धागा अभ्यासकांनी चौदाव्या शतकातील बरनीच्या फारसी इतिहासात येणाऱ्या ‘खूत’ या गावप्रमुखांशी जोडला आहे. ‘कबुलायत’ अरबीतून आलेली; तिचा अर्थ मान्यता. प्रत्यक्षात जो कागद वाचता येत नाही त्यावर उठवलेला अंगठा म्हणजे कबुलायत. आणि ‘कूळ’ हा तर आपला घरचा शब्द: कुल, घराणे, वंश. ज्या शब्दाने माणूस आपल्या पूर्वजांची ओळख सांगतो, त्याच शब्दाने खोताच्या वहीत तो देणेकरी म्हणून मांडला जाई. मोल्सवर्थच्या कोशातही ‘कूळ’चे हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात.

२७ ऑक्टोबर १९३३

नारायण नागू पाटील याच मुलखातले, याच समाजातले. कुलाबा जिल्हा शेतकरी संघाच्या माध्यमातून त्यांनी गावोगाव सभा घेतल्या. मागण्या साध्या होत्या: खंड वाजवी असावा, वेठ बंद व्हावी, आणि जो जमीन कसतो त्याचे नाव कूळ म्हणून सरकारी कागदावर लागावे. शेवटची मागणी वाचायला किरकोळ वाटते. सगळ्या लढ्याचा कणा मात्र तीच होती. नाव कागदावर नसेल, तर खोत पुढच्या हंगामात तेच शेत दुसऱ्याला देऊ शकतो, आणि काल हक्काची भाषा बोललेला माणूस आज भूमिहीन होतो.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी या गावी झालेल्या सभेत संप जाहीर झाला. सुमारे पंचवीस गावांतील कुळांनी खोतांची जमीन कसणार नाही, असा निर्णय घेतला. गिरणी बंद पडली की मालकाचे नुकसान पहिल्या दिवसापासून सुरू होते. शेतीचा संप निराळा. यात शेतकरी आधी स्वतःच्या ताटावर घाव घालतो. भात लावले नाही तर खोताची कणगी रिकामी राहील हे खरे, पण त्याआधी स्वतःच्या घरची चूल विझेल. कुळांनी लाकूडफाटा विकला, मासेमारी केली, मोलमजुरी केली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, शेते पडीक राहिली. हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे चालला. देशातल्या शेतकरी चळवळींच्या इतिहासात इतका दीर्घ संप क्वचितच सापडेल.

या काळात लढ्याला बाहेरून बळ मिळाले. डिसेंबर १९३४ मध्ये चरी येथे भरलेल्या शेतकरी परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील आणि इतर जिल्ह्यांतील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. या चळवळीत आंबेडकरांच्या बरोबरीने महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते. टिपणीस हे महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले होते. आगरी कुळे, महार शेतमजूर, कायस्थ प्रभू कुटुंबांतले कार्यकर्ते, अशी ती जुळणी होती. खाडीच्या बांधाप्रमाणे तिथेही प्रत्येकाने आपल्या वाट्याची खांड बुजवली.

१९३७ मध्येच नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र काढले. हा निर्णय आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. संपकरी उपाशी होता, पैसा नव्हता, आणि तरीही पुढाऱ्याने छापखान्याचा खटाटोप केला. कारण खोताची बाजू सरकारदरबारी लिहून पोहोचत होती आणि कुळाची बाजू फक्त बोलली जात होती. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले दफ्तरात राहते. दफ्तरात जायचे तर दफ्तराच्या भाषेत लिहिणारा आपला माणूस हवा, हे त्यांनी ओळखले.

संप मिटेपर्यंत कायद्याची दिशा बदलली होती. १९३९ च्या मुंबई कूळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आणली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळ कायदा आला, १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा झाला. या सगळ्याचे श्रेय एकट्या चरीला देणे इतिहासाशी अन्याय होईल; प्रांतभर इतरही चळवळी होत्या, काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, बदलती आर्थिक स्थिती होती. पण ज्या प्रश्नाकडे पाहिले नाही तरी चालेल असे सरकारला वाटत होते, तो प्रश्न पडीक शेतांनी सहा वर्षे डोळ्यांसमोर ठेवला, एवढे निश्चित.

शब्दांनी बाजू बदलली

आता भाषेच्या अंगाने पाहू. या लढ्याने ‘कूळ’ या शब्दाला दिलेले वळण मराठीच्या इतिहासात अपूर्व आहे. खोताच्या वहीतला देणेकरी हा त्याचा अर्थ होता. कायद्याच्या पुस्तकात तो हक्कदार झाला. आजही महाराष्ट्रात सातबाऱ्यावर कुळाचे नाव लागले आहे की नाही, यावरून पिढ्यांचे भवितव्य ठरते. शब्द तोच, अक्षरे तीच. मागे उभी असलेली माणसे बदलली.

‘संप’ हा शब्द तर त्याहून बोलका आहे. आज संप म्हटला की काम बंद, दारे बंद, एवढेच मनात येते. परंतु एकोणिसाव्या शतकातील कोशात संप म्हणजे एकमत, एकजूट, कट असे अर्थ सापडतात. शेजारच्या गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा. घरात संप आहे असे तिथे कोणी म्हटले, तर ते घरातील भांडणाचे नव्हे, सलोख्याचे वर्णन असते. म्हणजे मराठीत काम बंद करणे हा अर्थ नंतर आला. आधी लोक एक झाले आणि एक झाल्यामुळे काम थांबले. चरीच्या कुळांनी जुना आणि नवा असे दोन्ही अर्थ एकाच वेळी जगून दाखवले.

पण या यशाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. जमिनीवरचा हक्क कागदावर आला, बोली मात्र कागदावर आली नाही. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ड’च्या जागी पुष्कळदा ‘र’ येतो: घोडा ‘घोरा’ होतो, गाडी ‘गारी’ होते. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात, म्हणजे मराठीच्या खंडात, या कोकणी किनाऱ्यावरील बोलींची नोंद आहे. तरीही शाळेत गेलेल्या आगरी मुलाला ही बोली अशुद्ध म्हणून टाकायला शिकवले गेले. आज अलिबागच्या परिसरातील जमिनींवर शहरी बंगले उभे राहत आहेत, मिळवलेली जमीन विकली जात आहे, आणि बोलीचे घरातील स्थानही आकसत आहे. हक्काचा लढा जिंकला म्हणून भाषा आपोआप टिकते असे नाही, हाही चरीचा धडा आहे.

धान आणि भात

आता आमच्याकडे येऊ. अलिबागेत ज्याला भात म्हणतात, त्याला आम्ही धान म्हणतो. त्यांचे खाचर ती आमची बांधी, त्यांची लावणी ती आमची रोवणी, त्यांची उडवी तो आमचा पुंजणा. पीक एक, पाऊस एक, कष्ट एक. खोताच्या जागी आमच्याकडे मालगुजार होता.

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. त्याआधी या मुलखावर नागपूरच्या भोसल्यांचा अंमल होता. लांजीचे नाव त्या काळच्या कारभारात ठळक आहे. नागपूरच्या दफ्तराची भाषा मराठी होती आणि लिपी मोडी. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात वसुली करणाऱ्या पाटलांना व मक्तेदारांना जमिनीचे मालकी हक्क देऊन मालगुजार बनवण्यात आले. सरकारला सारा देणारा तो मालगुजार. कोकणात खोताचे जे झाले तेच इथे वेगळ्या नावाने झाले, फक्त इथे ते सरकारने अधिक उघडपणे केले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. मागे राहिले ते तलाव. गोंदिया-भंडाऱ्याकडे त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. अनेकांना ते कोणा मामाचे वाटतात. प्रत्यक्षात ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे लोकांनी जोडून घेतली आहेत. सरकारी संज्ञेला नात्यात ओढून घेण्याची बोलीची ही ताकद आहे.

१९५० मध्ये आणखी एक गोष्ट झाली होती, ती आज आमच्याच जिल्ह्यातील तरुणांना सांगितल्यास खरी वाटत नाही. त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि त्या वर्षीच्या राजभाषा कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राज्याच्या भाषेचे स्थान होते. म्हणजे बालाघाटचा शेतकरी ज्या राज्यात राहत होता, त्या राज्याची एक भाषा मराठी होती. पुढे राज्य पुनर्रचना आयोगाने नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि यवतमाळ या आठ जिल्ह्यांचा विदर्भ सुचवला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे आठही जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजभाषा हिंदी झाली. बाघ नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे सोयरे-धायरे तेच राहिले. त्यांचे कागद मात्र वेगळे झाले. आज राजेगावजवळ नदी ओलांडली की तलाठ्याचा पटवारी होतो, सातबाऱ्याचा खसरा होतो, तहसीलदारासमोर करायच्या अर्जाची भाषा बदलते. लग्नाची पत्रिका मराठीत छापणारे कुटुंब वारसाहक्काचा अर्ज मात्र ज्या भाषेत लिहिते, ती त्याच्या घरात बोलली जात नाही.

बेळगाव-कारवारच्या प्रश्नाला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने आवाज दिला, महाजन आयोग बसला, वाद न्यायालयापर्यंत गेला. आमचा प्रश्न तसा कधीच पेटला नाही, आणि पेटावा अशी आमची इच्छाही नाही. हिंदी ही आमच्या शेजाऱ्यांची, मित्रांची, अनेकदा आमच्याच घरातील भाषा आहे. तिच्याशी आमचे भांडण नाही, राज्याची हद्द बदलण्याची मागणीही नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्याची मराठी आहे त्याला ती कागदावर वापरता यावी.

आमच्याकडे चरी का घडली नाही

जिल्ह्याला स्थानिक प्रश्नांवर लढणाऱ्या राजकारणाची परंपरा नव्हती असे नाही. १९६२ मध्ये बालाघाटने प्रजा समाजवादी पक्षाचा उमेदवार लोकसभेत पाठवला. १९७७ मध्ये देशभर जनता पक्षाची लाट असताना बालाघाटमधून रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे कचरूलाल जैन निवडून आले. स्वतंत्र मजूर पक्ष, त्यानंतरचे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष ही एकच परंपरा मानली, तर चरीच्या कुळांमागे उभी राहिलेली विचारधारा बालाघाटच्या मतपेटीतूनही एकदा बाहेर आली होती, असे म्हणता येते. १९८९ मध्ये तर या जिल्ह्याने अपक्ष कंकर मुंजारे यांना दिल्लीला पाठवले. पक्षाच्या शिक्क्यापेक्षा माणूस आणि प्रश्न पाहून मत देण्याची सवय इथे आहे.

मग मराठीचा प्रश्न मागे का राहिला? आमच्या मते उत्तर आमच्याच मांडणीत आहे. सीमाभागात मराठीसाठी काम करणाऱ्या मंडळींनी, आमच्यासह, बहुतेक वेळा भाषेपासून सुरुवात केली: अभिमान, वारसा, संमेलन, फलक. नारायण नागू पाटलांनी कुळाच्या कागदापासून सुरुवात केली. आपली अस्मिता धोक्यात आहे असे त्यांनी कुळाला सांगितले असते, तर सहा वर्षे कोणी उपाशी राहिले नसते. त्यांनी सांगितले, तुझे नाव या कागदावर नाही, ते लावून घेऊ. नाव लावून घेण्याची इच्छा प्रत्येकाला समजते.

दुसरे कारण बोलींचे. आमच्या जिल्ह्यात मराठी बोलणारे कोणी झाडीच्या वळणाने बोलतात, कोणी वऱ्हाडी छटेने. झाडीबोलीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. डोळा ‘डोरा’ होतो, पाणी ‘पानी’ होते. गंमत अशी की समुद्रकाठच्या आगऱ्याचे पाणीही ‘पानी’च. दोघांनाही पुण्याच्या पुस्तकाने अशुद्ध ठरवले, आणि दोघांनीही ते मुकाट्याने मान्य केले. ज्याला स्वतःची मराठी खरी मराठी वाटत नाही, तो जनगणनेच्या प्रगणकासमोर ‘मराठी’ म्हणताना अडखळतो आणि सोपे उत्तर देऊन मोकळा होतो. झाडीबोलीच्या अभ्यासात डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातले, त्याचे महत्त्व म्हणूनच केवळ साहित्यिक नाही.

तिसरी गोष्ट पोवारीची. बालाघाट, भंडारा, गोंदिया, शिवनी या पट्ट्यातील पोवार समाजाची ही बोली. ग्रियर्सनने ती सहाव्या खंडात, पूर्व हिंदीबरोबर, बघेलीच्या छायेत ठेवली. २०११ च्या जनगणनेतही ती हिंदीच्या गटात मोजली गेली. नदीच्या महाराष्ट्राकडच्या काठावर तीच बोली मराठी शाळेत शिकलेल्या मुलांच्या तोंडी आहे आणि मराठी शब्दांनी भरलेली आहे. पोवारी ही मराठीच आहे, असा दावा आम्ही करत नाही; तो करणे म्हणजे मोठ्या भाषेने लहान बोलीला गिळण्याचाच प्रकार होईल. पोवारीने पोवारी म्हणूनच नोंदले जावे. मराठीचा आणि पोवारीचा प्रश्न मात्र एकाच बांधावरचा आहे: घरातील बोली आणि कागदावरील भाषा यांत पडलेली खांड. मरारी, गोंडी, लोधी बोलणाऱ्यांचेही तेच. चरीला आगऱ्यांनी एकट्याने लढा दिला नाही. आम्हीही मराठीच्या नावाने एकट्याने उभे राहण्यात अर्थ नाही.

आता काय करता येईल

कायदा आमच्या विरुद्ध नाही, ही गोष्ट पुरेशी सांगितली गेलेली नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकतो, आणि ३५० ख भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद करतो. ही दुरुस्ती झाली तेच वर्ष बालाघाट आणि भंडारा यांच्या मध्ये राज्याची सीमा आली ते वर्ष, हा योगायोग नव्हे. पुनर्रचनेत सीमेच्या चुकीच्या बाजूला राहणाऱ्यांचा विचार करूनच ही कलमे लिहिली गेली. ती आमच्यासाठी लिहिली गेली आहेत, आणि आम्हीच ती वापरत नाही.

म्हणून आमचे आवाहन मोठे नाही. ज्यांचे जमिनीचे, निवृत्तिवेतनाचे, धान खरेदीच्या पैशाचे, वनहक्काचे निवेदन प्रलंबित आहे आणि ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते, त्यांनी ते निवेदन मराठीत लिहावे, सोबत हवी तर हिंदी प्रत जोडावी, आणि पोच घ्यावी. पोच महत्त्वाची. एका गावातून एक निवेदन गेले तर ते बाजूला पडेल. पंचवीस गावांतून गेले, तर कार्यालयाला मराठी वाचू शकणारा माणूस शोधावा लागेल. २०२७ च्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात घरात जी बोलली जाते तीच सांगावी, मग ती मराठी असो, पोवारी असो की गोंडी. आणि प्रगणकाने ती लिहिली की नाही, ते पाहून घ्यावे. आपले नाव कागदावर लावून घेण्याचाच हा प्रकार आहे.

जे तरुण स्थानिक निवडणुकांना उभे राहतात, पंच होतात, नगरपालिकेत जातात, त्यांच्यापुढे आम्ही अलिबागच्या त्या पुढाऱ्याचे उदाहरण ठेवू इच्छितो. त्याच्याकडे मोठे पद नव्हते, राजधानी दूर होती, समोर कागद वाचता येणारे आणि कागद लिहिणारे खोत होते. त्याने लोकांना त्यांच्या बोलीत समजावले आणि त्यांचे म्हणणे दफ्तराच्या भाषेत छापले. या दोन कामांच्या मध्ये उभा राहणारा माणूस प्रत्येक सीमावर्ती गावाला हवा असतो. बालाघाट, वारासिवनी, लांजी, किरनापूर, कटंगी या तालुक्यांत अशी वीस माणसे उभी राहिली, तर मराठीसाठी वेगळी चळवळ उभारण्याची गरज उरणार नाही. पहिले निवेदन लिहायला मदत हवी असेल, तर ती करायला आम्ही तयार आहोत.